लाखाचं बक्षीस आणि मगनवाडी

१९२९ साली आपल्या देशात एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. कशासाठी? तर एका चरख्यासाठी! त्या काळचे एक लाख म्हणजे आजचे किती, हा हिशोब ज्याचा त्याने करावा. बक्षीस जाहीर केलं अखिल भारत चरखा संघाने, आणि त्यामागे अर्थातच गांधीजी होते. गांधीजी म्हटलं की "यंत्राला विरोध" एवढंच शाळेच्या पुस्तकातून आपल्या डोक्यात बसलेलं असतं. हाच माणूस देशातल्या तमाम कारागिरांना आणि इंजिनियरांना "चांगलं यंत्र करून आणा" म्हणून आव्हान देत होता, हे वाचलं तेव्हा मला भलतीच गंमत वाटली.

त्या जाहिरातीतल्या अटी वाचताना माझ्यासारख्या आयटीवाल्याला थेट रिक्वायरमेंट डॉक्युमेंटच आठवतं. चरखा हलका असावा, इकडून तिकडे नेता यावा. खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालवता यावा. बाईमाणसाला फार न थकता सलग आठ तास त्यावर काम करता यावं. त्यातून १२ ते २० नंबरचं सूत ठरलेल्या प्रमाणात निघावं. भारतातच बनावा आणि बनवायचा खर्च १५० रुपयांच्या वर जाऊ नये. अधूनमधून तेलपाणी केलं की निदान २० वर्षं चालावा, आणि दरवर्षीची दुरुस्ती किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. यंत्र ३० ऑक्टोबर १९३० पर्यंत साबरमतीला पोचवायचं. पेटंट घ्यायला हरकत नाही, पण बक्षीस हवं असेल तर हक्क चरखा संघाला द्यायचे.

बघा म्हणजे! वजन, वापर, क्षमता, किंमत, आयुष्य, मेंटेनन्स आणि वर लायसन्ससुद्धा. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक प्रोजेक्टांचे कागद याच्या निम्मेही स्पष्ट नसतात. :-)

महाराष्ट्रातून या आव्हानाला उत्तर दिलं ते किर्लोस्करवाडीने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर कारखाना उभारला होता. लोखंडी नांगर करून तो शेतकऱ्याच्या गळी उतरवण्याचा अनुभव गाठीशी होता. त्यांनी चरख्याचं यंत्र केलं, त्याच्या चाचण्याही झाल्या. पण ते सगळ्या अटींना उतरलं नाही. शेवटी ते लाखाचं बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

मला हा किस्सा बरेच दिवस छळत होता. पैसा होता, अटी स्पष्ट होत्या, देशातले उत्तम यांत्रिक कामाला लागले होते. मग अडलं कुठे? कारखान्याच्या कसबाबद्दल शंका घेण्याचं कारण नाही, त्याच किर्लोस्करांनी पुढे पंप आणि इंजिनं घरोघरी पोचवली. मला वाटतं, अडचण स्पर्धेच्या पद्धतीत होती. यंत्र करणारा एका गावात, कातणारी दुसऱ्या गावात आणि परीक्षक तिसरीकडे. चरखा एकटा काम करत नाही. त्याला पेळू लागतो. पेळू कसा होईल हे पिंजण्यावर अवलंबून, आणि पिंजणं कापसाच्या जातीवर, हवेतल्या दमटपणावर. हाताने कातणारी बाई पेळूतली गाठ बोटांना लागताच वेग कमी करते. यंत्राला बोटं नाहीत. वेग वाढवला की पेळूतला प्रत्येक दोष तुटलेल्या धाग्याच्या रूपाने समोर येतो. हे कागदावरच्या अटींत मावत नाही. ते कातणारीच्या शेजारी बसल्यावरच कळतं.

शेजारी बसण्याची अशी एक जागा पुढच्या पाच-सहा वर्षांत तयार झाली, आणि तीही आमच्या वर्ध्यात.

वर्धाच का? एक कारण जमनालाल बजाज. दुसरं साधं कारण म्हणजे रेल्वे. मुंबई-हावडा मार्ग वर्ध्यावरून जातो आणि दक्षिणेकडे बल्लारशाहला जाणारी लाईनही इथेच फुटते. पंजाबातला माणूस असो की मद्रासचा, गाडीत बसला की फारशी यातायात न करता वर्ध्याला उतरणार. एखाद्या गावात लोक का जमतात याची उत्तरं शोधताना आपण मोठमोठी तत्त्वं शोधतो, आणि टाइमटेबल बघायचं विसरतो.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालालजींनी त्यासाठी आपली बाग आणि तिथलं घर दिलं. १९२८ साली वारलेल्या मगनलाल गांधींच्या नावावरून जागेचं नाव पडलं मगनवाडी. संघाचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. तमिळ ख्रिश्चन घरातला, लंडनमध्ये चार्टर्ड अकाउंटंट झालेला, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस वर्ध्याच्या उन्हात घाणी, चुली आणि दिवे यांच्यात रमला. संघाच्या सल्लागारांत रवींद्रनाथ टागोर, जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि सी. व्ही. रामन अशी नावं होती. पण माझ्या मते खरी गंमत त्या नावांत नसून मगनवाडीच्या आवारात रोज काय चालायचं यात आहे.

तिथे तेलघाणी चालायची, हातकागद व्हायचा, मधमाश्या पाळल्या जायच्या. ग्रामसेवक विद्यालयात निरनिराळ्या प्रांतांतून मुलं शिकायला यायची. ती येताना आपापल्या गावची रीत घेऊन यायची. "आमच्याकडे घाणीचा लाट असा बसवतात", "आमच्याकडे बैल दोन जुंपतात" अशी बोलणी होत असणारच, कारण घाणी समोरच फिरत होती. झव्हेरभाई पटेलांनी इथे घाणीवर काम केलं आणि त्यातून जी सुधारलेली घाणी तयार झाली ती देशभर "वर्धा घाणी" म्हणूनच ओळखली गेली. गावातल्या साध्या घाणीपेक्षा मोठी आणि जास्त कामाची. विशेष म्हणजे ती दुरुस्त करायला गावचा सुतार पुरेसा होता.

दुसरं उदाहरण मगनदीपाचं. तेव्हा खेड्यात रॉकेलचा कंदील पोचला होता. म्हणजे दिवा लावायचा तर बाहेरून आलेलं तेल विकत घ्या. गावातली घाणी तेल काढते, मग दिव्यात तेच का नको? हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. पण वनस्पतीचं तेल रॉकेलपेक्षा घट्ट असतं. ते वातीतून तेवढ्या सहज वर चढत नाही. त्यामुळे रॉकेलच्या कंदिलात नुसतं करडईचं तेल ओतून भागत नाही, दिव्याची रचनाच वेगळी करावी लागते. मगनवाडीत ती केली गेली. तेल काढणारा आणि दिवा करणारा एकाच आवारात असल्याशिवाय हे दोन प्रश्न एकमेकांना भेटले असते असं मला वाटत नाही.

आणि आता या गोष्टीतलं माझं सगळ्यात आवडतं पात्र. मॉरिस फ्रीडमन. वॉर्साचा पोलिश ज्यू, पेशाने इलेक्ट्रिकल इंजिनियर. तीसच्या दशकात तो भारतात आला आणि बंगळूरला म्हैसूर सरकारच्या इलेक्ट्रिक कारखान्याचा कारभार पाहू लागला. तिथून तो गांधीजींकडे ओढला गेला आणि सेवाग्रामात "भारतानंद" या नावाने वावरू लागला. आणि त्याने केलं काय? धनुष-तकली! चरख्यातलं मोठं चाकच काढून टाकलं. आडवी बसवलेली तकली, आणि तिला फिरवायला सुतार वापरतो तसं धनुष्य. धनुष्य मागेपुढे केलं की तकली फिरते. लाकूड-बांबूचे चार तुकडे, दोरी आणि एक लोखंडी चाती. गावात बनते, बिघडली तर गावात सुधारते. गांधीजींनाही ती आवडली आणि तिचा पुष्कळ प्रचार झाला.

बक्षिसाच्या जाहिरातीने विचारलं होतं, "जास्त सूत कसं निघेल?" सेवाग्रामात येऊन बसलेल्या इंजिनियरने उत्तर दिलं ते वेगळ्याच प्रश्नाचं, "सगळ्यात गरीब घरात कातायला सुरुवात कशी होईल?" दुसरा प्रश्न त्याला आजूबाजूच्या घरांनी दिला असणार. (जाता जाता, याच फ्रीडमननी १९३८-३९ मध्ये औंध संस्थानच्या नव्या घटनेसाठी मदत केली, आणि फार पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणं इंग्रजीत आणली. ते "आय ॲम दॅट" हे पुस्तक १९७३ साली आलं. म्हणजे किर्लोस्करवाडीच्या औंधापासून खेतवाडीपर्यंत हा गृहस्थ आपल्याला भेटत राहतो. त्याच्यावर एक वेगळा लेख व्हायला हवा.)

विनोबांचंही इथे नाव घ्यायला हवं. वर्ध्याजवळच्या नालवाडीत त्यांनी कताईच्या मजुरीवर जगता येतं का हे स्वतः कातून पाहिलं. आपल्या भाषेत, प्रॉडक्ट मॅनेजरने स्वतःचं प्रॉडक्ट वापरून त्यावर पोट भरून दाखवणं! त्याच सुमारास, १९३५ मध्ये, चरखा संघात कातणाऱ्यांची मजुरी वाढवण्याचा निर्णय झाला. अवजाराबरोबर त्याच्या वापराचा हिशोबही तपासला गेला, कारण हिशोब मांडणारे आणि कातणारे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते.

३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचं उद्घाटन झालं. संग्रहालय म्हटलं की काचेच्या कपाटातल्या जुन्या वस्तू डोळ्यासमोर येतात. इथे मांडलेले चरखे आणि अवजारं मात्र चालू काळातली होती. बघा, समजून घ्या, आपल्या गावी जाऊन करा, असा उद्देश. शिवाय संघाची "ग्रामउद्योग पत्रिका" निघायची. म्हणजे जमलेल्या लोकांचं शहाणपण तिथल्या तिथे विरून जाऊ नये, याची सोयही होती.

आता थोडा वेळ वर्ध्याहून कॅलिफोर्नियात जाऊ. कारण आमच्या धंद्यातली प्रसिद्ध गोष्ट तिथली आहे, आणि ती मगनवाडीच्या शेजारी ठेवली की दोन्ही जास्त कळतात. ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्कमध्ये गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक माणसं जमली. निमित्त होतं आल्टेअर ८८०० नावाचा, सुटे भाग जोडून घरी करायचा संगणक. ना पडदा ना कळफलक, नुसती बटणं आणि दिवे. याला करायचं काय, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. हाच होमब्रू कॉम्प्युटर क्लब. तिथे स्टीव्ह वॉझनियाक यायचा, स्वतः केलेल्या सर्किटच्या आकृत्या लोकांना वाटायचा. त्यातूनच ॲपलचा पहिला संगणक आला. क्लब १९८६ पर्यंत चालला.

या क्लबची एक पद्धत मला फार आवडते. सभेचे दोन भाग असत. आधी प्रत्येकजण उभा राहून थोडक्यात सांगणार, माझ्याकडे अमुक आहे, माझं तमुक अडलंय. मग खुर्च्या सोडून सगळे मोकळे, आणि ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्याने त्याला गाठायचं. भाषण नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, शाल-श्रीफळ तर नाहीच. टेबलावर उघडं यंत्र आणि भोवती माणसं. मगनवाडीतल्या घाणीभोवतीचं चित्र याहून फार वेगळं नसणार. एकीकडे बैल, दुसरीकडे मायक्रोप्रोसेसर, एवढाच फरक.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे नेटला जोडलेली यंत्रं, ज्यांना आमच्या क्षेत्रात आयओटी म्हणतात. जमिनीतला ओलावा मोजणारा सेन्सर, मोबाईलवरून चालणारी मोटार, गोडाऊनचं तापमान कळवणारा डबा. हे बनवणं आता फार सोपं झालंय. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावी आर्दुइनो बोर्ड तयार झाला, २०१४ मध्ये ईएसपी८२६६ ही वायफायची स्वस्त चिप आली. कॉलेजातला पोरगा पॉकेटमनीतून डबा बनवू शकतो. बनवणं सोपं झालं, पण शेतात टिकवणं तितकंच अवघड राहिलं.

माझ्या काकांची देवळी तालुक्यात कापूस-तुरीची शेती आहे. दोन वर्षांपूर्वी एका कंपनीची माणसं आली आणि प्रयोग म्हणून शेतात ओलावा मोजणारा डबा लावून गेली. पहिला पावसाळा बरा गेला. मग उन्हाळ्यानंतर काकांचा फोन, "काऊन रे बापू, तुमच्या त्या डब्याले झालं तरी काय? हिरवा लाईट तं लागते, पन मॅसेज कोरडी जमीन, कोरडी जमीन! इकडे पायाले चिखल लागून रायला." कंपनीच्या नंबरवर फोन केला तर तक्रार नोंदवून घेतली, तिकीट नंबर दिला, माणूस काही आला नाही. डबा सीलबंद. उघडला तर वॉरंटी जाते.

काय झालं असेल? आमच्याकडची काळी माती सुकली की आकसते आणि तिला भेगा पडतात. सेन्सरच्या दांड्याला लागून भेग पडली की तो माती सोडून हवाच मोजत बसतो. लाल मातीत किंवा प्रयोगशाळेतल्या कुंडीत हे होणारच नाही. हे ओळखायला पीएचडी लागत नाही. काळ्या मातीत राबलेला कुठलाही माणूस डबा लावतानाच म्हणाला असता, "इथं भेग पडन, भाऊ." पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

अशा किती गोष्टी सांगाव्यात! मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याच्या डब्यातल्या लिथियम बॅटरीचं आयुष्य भराभर संपतं. उंदीर वायर कुरतडतात. शेतीची थ्री फेज लाईन पाळीप्रमाणे येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री, आणि येताना व्होल्टेज कसं असेल सांगता येत नाही. लाईन आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून गावोगावी ऑटो स्विच लावलेले असतात. आता एका बाजूला हा ऑटो आणि दुसऱ्या बाजूला तुमचं मोबाईलचं यंत्र, दोघांनी एकाच स्टार्टरला हात घातला की काय होईल? हे मोटार वाइंडिंगवाल्याला विचारा. त्याच्या दुकानात जळालेल्या मोटारींच्या रूपाने सगळा डेटा पडलेला असतो.

पुण्याच्या संतोष ओस्तवालांचं "नॅनो गणेश" हे यंत्र यासाठीच मला महत्त्वाचं वाटतं. मोटारीच्या स्टार्टरला मोबाईल जोडायचा. घरून फोन लावला की लाईन आहे की नाही ते कळतं आणि आकडा दाबून पंप सुरू किंवा बंद करता येतो. २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. त्यात ॲप नव्हतं, चकाचक पडदा नव्हता. शेतकऱ्याच्या हातात तेव्हा जो साधा फोन होता, त्यावर ते चालत होतं. रात्री-बेरात्री काट्याकुट्यातून, साप-विंचवातून मोटार सुरू करायला जाण्याचा त्रास ज्याने जवळून पाहिलाय, त्यालाच "नुसतं घरून कळलं तरी पुष्कळ झालं" हे सुचतं.

आता उलट बाजूही पाहू, नाहीतर हा लेख म्हणजे मगनवाडीची आरती व्हायची. मगनदीप टिकला नाही. आधी रॉकेलने आणि मग विजेने त्याला मागे टाकलं. धनुष-तकली आज संग्रहालयातच पाहायची. आणि चरख्याच्या बाबतीतली खरी मोठी झेप, म्हणजे अनेक चात्यांचा अंबर चरखा, तो १९५० च्या आसपास तमिळनाडूच्या एकंबरनाथ यांनी शोधला. त्यांच्याच नावावरून तो "अंबर". म्हणजे बक्षिसाने जे वीस वर्षांपूर्वी मागितलं होतं, त्याच्या जवळपास पोचलेली कल्पना आली एका माणसाच्या डोक्यातून. मग जमून बसण्याचा उपयोग काय?

माझं उत्तर असं. कल्पना एकट्यालाच सुचते, समितीला नाही. पण अंबर चरखा एका माणसाच्या घरात राहिला नाही, याचं कारण तोवर देशभर खादीच्या कार्यकर्त्यांचं जाळं विणलं गेलं होतं. चरखा उघडून बघणारे, चूक काढणारे, शिकवणारे लोक तयार होते. १९५६ मध्ये तर सरकारने त्यासाठी चौकशी समिती नेमली आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत त्याला जागा मिळाली. ते जाळं एकदम आकाशातून पडलं नव्हतं. वर्ध्यासारख्या ठिकाणी वर्षानुवर्षं जमून ते तयार झालं होतं.

मात्र कुठल्याही जमण्याने हे साधत नाही, हेही खरं. पुण्यात मी अशा बऱ्याच टेक मीटिंगांना गेलोय. एसी हॉल, पन्नास स्लाइड, मध्ये समोसा-कॉफी, शेवटी "आम्ही भरती करतोय". नवे मित्र मिळतात, नोकऱ्याही मिळतात, त्याला माझी ना नाही. पण यंत्र कुणी उघडत नाही. बंद पडलेलं यंत्र तर कुणी आणतच नाही. मगनवाडीत तीन गोष्टी एकत्र होत्या: यंत्र समोर उघडं होतं, ते वापरणारा आणि दुरुस्त करणारा तिथे हजर होता, आणि जे कळलं ते लिहून पुढच्या गावाला पाठवलं जात होतं. यातली एक जरी काढली तरी मागे उरतो तो निव्वळ कार्यक्रम.

महाराष्ट्रात हे पुन्हा घडलंच नाही असंही नाही. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत शिकलेला, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात काम केलेला माणूस दुष्काळी गावात येऊन मुलांना हाताने काम करत विज्ञान शिकवू लागला. २००२ मध्ये तिथे एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब आली, जगातल्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक. बॉस्टनच्या लोकांना पाबळला यावंसं वाटलं, कारण तिथे प्रश्न आणि हत्यारं एकाच छपराखाली होती.

आणि आमच्या वर्ध्यात काय नाही? मगनवाडीतच १९५५ पासून जमनालाल बजाज संशोधन संस्था होती. तिचीच २००८ मध्ये महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था झाली. देवेंद्रकुमारांनी १९७६ साली सुरू केलेलं ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र दत्तपूरला आहे. मगन संग्रहालय उभं आहे. सेवाग्रामला इंजिनियरिंग कॉलेज आहे, आयटीआय आहे. मोटार बांधणारे, मोबाईल सुधारणारे तर चौकाचौकात आहेत. सगळे एकमेकांपासून सायकलच्या अंतरावर. फक्त ते एका टेबलाभोवती सहसा बसत नाहीत. कॉलेजातला पोरगा फायनल इयरच्या प्रोजेक्टला "स्मार्ट इरिगेशन" करतो, कुंडीत दांडा खुपसून दिवा लावून दाखवतो, मार्क घेतो आणि पुण्याला येतो. वाइंडिंगवाला त्या पोराला कधी भेटतच नाही. दोघांचंही नुकसान, आणि सगळ्यात जास्त माझ्या काकांचं.

कारण प्रश्न नुसता सोयीचा नाही. शेतातला डबा कुणाचा, हा प्रश्न आहे. तो गावात उघडता येत नसेल, सुधारता येत नसेल, त्याचे आकडे बाहेरच कुठेतरी जात असतील, तर आमचा जिल्हा म्हणजे दुसऱ्यांच्या यंत्रांचं चाचणीचं वावर. कुमारप्पा रॉकेलच्या कंदिलाकडे बघून हाच हिशोब मांडत होते: दिवा गावात जळतो, पण पैसा आणि अक्कल दोन्ही गावाबाहेर राहते.

म्हणून माझी सूचना अगदी छोटी आहे. महिन्यातला एक रविवार. वर्ध्यातच कुठेतरी एक मोठं टेबल, एक मल्टिमीटर, एक सोल्डरिंगची डाग. प्रत्येकाने एक तरी बंद पडलेली वस्तू आणायची, चालू वस्तूला प्रवेश नाही. :-) पाच शेतकरी, एक वाइंडिंगवाला आणि एक मोबाईलवाला असल्याशिवाय सुरू करायचं नाही. होमब्रूसारखं आधी प्रत्येकाने दोन मिनिटं बोलायचं, वऱ्हाडीत बोललं तरी चालेल, किंबहुना वऱ्हाडीतच बोलायचं. मग खुर्च्या सोडायच्या. आणि एक जाड वही: कोणत्या मातीत, कोणत्या महिन्यात, काय बिघडलं आणि कशाने सुधारलं. दोन वर्षांत त्या वहीत जे साठेल ते विकत घ्यायला कंपन्या दारात येतील, आणि तेव्हा ती द्यायची की नाही हे वर्धेकरांना ठरवता येईल.

याला लाख रुपये लागत नाहीत. खर्च फार तर चहा आणि तर्री-पोह्यांचा. दिवाळीला घरी जाणार आहे तेव्हा दोन-चार जणांशी बोलून बघतो. काकांचा डबा तेवढा बरोबर नेईन म्हणतो, वॉरंटी संपली आहे आता.